शिल्लक पाण्याचा पंचनामा

नंदुरबारला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, "तिकडं बघण्यासारखं काय आहे गं?" मी सातपुडा सांगते, तापी सांगते, मिरची सांगते. मग पुढचा प्रश्न येतो, "तू काय काय बघितलंस?" आणि तिथं माझी बोलती बंद होते. म्हणून लिहायला बसले. चार दिवसांचा प्रवास होता. त्यातला जीपमधला वेळ मी गाळून टाकतेय, कारण त्यात मी बहुतेक वेळ पुढची दांडी घट्ट धरून देवाचं नाव घेत होते आणि त्याचं वर्णन वाचण्यात कुणाला रस असेल असं वाटत नाही.

आधी मी तिकडं कशाला गेले ते सांगते. पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत माझी आजवरची सारी नोकरी झाली. शहराचं सांडपाणी गाळून, शुद्ध करून आता पुन्हा पिण्याजोगं करता येतं. खरोखरच करता येतं, मी ते रोज तपासते. पण माणसाची किळस कुठल्या गाळणीनं जात नाही. म्हणून ते पाणी पाव लिटरच्या बाटल्यांत भरून लोकांना फुकट चाखायला द्यायचं, वर दहा मिनिटं समजावून सांगायचं, असा एक जनजागृतीचा कार्यक्रम निघाला. बाटलीवर ठळक छापलेलं असतं, 'नमुना. विक्रीसाठी नाही.'

या बाटल्यांची नियमावली मी लिहिली आहे. हौसेनं नाही, पोळल्यावर लिहिली. अगदी पहिल्या प्रदर्शनात कुणीतरी रिकाम्या बाटल्या उचलल्या, कुठलंतरी साधं पाणी भरून लग्नात वाटल्या, दहा-बारा वऱ्हाड्यांची पोटं बिघडली आणि बोंब आमच्या पाण्याच्या नावानं झाली. त्यानंतर मी कलमं लिहिली. एका माणसाला एकच बाटली. समोर उभं राहून प्यायची, घरी न्यायची नाही. रिकामी बाटली परत द्यायची. पाच वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही. मुदत संपेल त्या दिवशी उरलेल्या बाटल्या दोन स्थानिक साक्षीदारांसमोर ओतून टाकायच्या, त्यांना भोकं पाडायची, त्याचं मोबाइलवर चित्रण करायचं, पंचनामा करायचा. आणि ओतायचं ते गावच्या पिण्याच्या पाण्यापासून लांब, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की आमच्या विहिरीत गटाराचं पाणी सोडलं. "मॅडम, कुठं फट ठेवली नाहीत," असं आमचे साहेब म्हणाले होते. मला ते बरेच दिवस पुरलं.

प्रकाशा

जीप आणि चालक शहाद्याहून मिळाले. चालकाचं नाव सुकदेवभाऊ. पन्नाशीचा, मिशाळ, गाणी न लावणारा माणूस. मागे बाटल्यांची खोकी रचलेली आणि त्यांवर ओलं गोणपाट, कारण मे महिना होता आणि गाडीच्या पत्र्याला हात लावला तरी चटका बसत होता.

प्रकाशाला तापी भरलेली दिसली आणि मी हरखले. उन्हाळ्यात एवढं पाणी बघायची आमच्याकडं सवय नाही. देवळाजवळच्या घाटावर टेबल मांडलं, फलक लावला. कुणी अस्थी घेऊन आलेलं, कुणी नुसतंच दर्शनाला. बायका फलक वाचायच्या आणि पदर नाकाला लावून पुढं जायच्या. अहो, झाकण बंद आहे, वास कसला! दोन तासांत जेमतेम एक खोकं संपलं.

शेवटी एक आप्पा आले. पांढरी टोपी, केळीच्या डागांनी काळपटलेलं धोतर. बाटली उन्हात धरून बघितली.

"गटारनं पाणी शे का हाई?"

मी माझं दहा मिनिटांचं भाषण केलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हे विशेष. मग नदीकडं हात करून म्हणाले, "ताई, वरला बठ्ठा गावेसनं पाणी तापीमाच येस. आम्ही त कव्हयनं हाईच पी ऱ्हायनूत. मंग तुम्ही नवीन काय लई उनात?"

भोवतीची माणसं हसली, मीही हसले. खरं तर वरच्या गावांचं वापरलेलं पाणीच आपण पीत आलोय, हा माझ्या भाषणातला सगळा मुद्दा त्यांनी दोन वाक्यांत सांगितला होता. आप्पांनी बाटली पिऊन रिकामी परत दिली आणि जेवायला घरी चला म्हणाले. आमच्याकडं 'चहा घेणार का' असं विचारतात आणि समोरचा 'नको' म्हणाला की सुटल्यासारखं होतं. इथं विचारतच नाहीत. पाट मांडलेला, त्यावर बसायचं. फुनके, कढी, कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. वाफवलेल्या डाळीचे ते मुटके कढीत कुस्करून खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिखटानं आणि चवीनंही.

आप्पांच्या कारभारणीनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला होता. मी घुटमळले. माझी स्वतःची बाटली पर्समध्ये होती आणि हात आपोआप तिकडं गेला. त्या माउलीला ते दिसलं. "पी ल्या ताई, फिल्टरनं शे," ती म्हणाली, जराही न रागावता. सकाळपासून परक्या माणसांना सांगत होते, विश्वास ठेवा आणि प्या. मी तांब्या तोंडाला लावला, पण कान तापले होते.

धडगाव

तळोद्याकडून चांदसैलीचा घाट चढला की सातपुडा सुरू होतो. उन्हाळ्यात साग उघडेबोडके असतात, डोंगरांची हाडं दिसतात. समोरून येणाऱ्या जीपच्या टपावर, मागे, बॉनेटवर माणसं. चालक जागेवर दिसत नव्हता, त्याच्या खिडकीतून तो अर्धा बाहेर आलेला होता. सुकदेवभाऊ एरवी बोलायचे नाहीत, तिथं मात्र एका वळणावर म्हणाले, "ताई, डोळा मीटा." मी मिटले.

धडगावच्या सरकारी सभागृहात एका बैठकीत आमचा कार्यक्रम होता, म्हणजे पत्रिकेवर होता. दाराला कुलूप. शिपाई म्हणाला बैठक पुढं ढकलली, साहेब लोक जिल्ह्याला गेलेत, निरोप सगळ्यांना दिलाय. मला दिला नव्हता. ओसरीवर एक बाई बसल्या होत्या, त्यांनाही दिला नव्हता. दिवलीताई, मोलगीच्या पलीकडल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडी सेविका. पहाटे निघून, दोन तास चालून, मग जीपच्या मागच्या दांडीला लटकून त्या बैठकीला आल्या होत्या. चिडलेल्या मुळीच नव्हत्या. मी मात्र शिपायावर खेकसले, त्याचा काही उपयोग झाला नाही.

दोघीच होतो, तर मी त्यांनाच बाटली दिली आणि भाषण दिलं. त्यांनी पाणी हळूहळू, थांबत थांबत पिऊन टाकलं आणि बाटली परत देताना विचारलं, "मॅडम, हे किती उरणार तुमच्याकडं?"

"बरंच. का?"

त्यांचं मराठी शाळेतलं, नीटनेटकं, घरात त्या पावरी बोलत असणार. त्यांनी सांगितलं ते असं. पाड्यावरचा हातपंप हिवाळ्यापासून बंद आहे. आता सगळे झिऱ्यावर जातात. झिरा म्हणजे नाल्याच्या पोटात उकरलेला खड्डा, त्यात पाझरेल ते पाणी. अंगणवाडीतली निम्मी पोरं हगवणीनं आजारी आहेत. त्या पाणी उकळतात, पण उकळून गढूळपणा जात नाही आणि सरपणही पुरत नाही. "पाऊस यायला महिना आहे. उरलेल्या बाटल्या अंगणवाडीत ठेवून जा. फक्त लहान पोरांना देईन. मी मोजून देईन, मॅडम, वही ठेवीन."

मी म्हटलं, विचारून बघते. धडगावला नेटवर्क होतं. ओसरीच्या टोकाला जाऊन मी आमच्या साहेबांना फोन लावला.

"लहान मुलांना?" साहेब म्हणाले. "मॅडम, कलम तुमचंच आहे."

"माहितीये. पण पाणी उत्तम आहे, सर, मी तपासलंय. तिकडचं झिऱ्याचं पाणी बघितलं तर..."

"उद्या एखाद्या पोराला झिऱ्याच्या पाण्यानं काही झालं आणि बाटली तिथं सापडली, तर नाव कुणाचं येईल? हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत की. अर्ज करा, समितीपुढं ठेवतो."

"समिती कधी बसते?"

"पुढच्या महिन्यात."

बाटल्यांची मुदत परवा संपत होती. ती मुदतही मीच ठरवली होती, भरपूर राखून. पाणी त्यानंतर कितीतरी दिवस चांगलं राहतं.

परत येऊन मी दिवलीताईंना काय सांगितलं असेल? "वरून परवानगी नाही." हेच शब्द. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकून मी तणतणत आले होते, आणि माझ्या जिभेवरून ते सुळकन निघून गेलं. वर कुणी नव्हतंच. वर मीच होते. पण त्या बाईच्या तोंडावर ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, मोलगीपर्यंत गाडीत जागा आहे का.

मोलगी

मोलगीचा आठवडी बाजार बघायला मिळाला, एवढं एक सुख. डोंगरातून पायवाटांनी माणसं उतरत होती, डोक्यावर आमचुराची गाठोडी, भगरीच्या पिशव्या. दिवलीताईंनी मला वाळलेल्या कैरीच्या फोडी चाखायला दिल्या, दात आंबले, तरी मी मूठभर खाल्ल्या. आमच्याकडं आमचूर म्हणजे पुडीतली करडी पूड. ती कुणाच्या छपरावर वाळते याचा मी कधी विचार केला नव्हता.

टेबलाभोवती इथं गर्दी जमली. किळस कुणालाच नव्हती, थंड पाणी होतं आणि ऊन मी म्हणत होतं. पण एक गंमत झाली. झाकण उघडलं की प्रत्येक माणूस आधी चार थेंब जमिनीवर सांडायचा आणि मग प्यायचा. माझ्या तक्त्यात रकाने होते, 'पूर्ण प्यायले', 'अर्धवट प्यायले', 'सांडले'. मी इमानेइतबारे पन्नासेक माणसांपुढं 'सांडले' अशी खूण केली. मनात म्हटलं, एवढं सांगूनही यांना संशय आहेच. मग दिवलीताईंनी खांद्यावरून तक्ता बघितला.

"मॅडम, संशय नाही. चांगलं काही प्यायचं तर आधी धरतीला देतात. घाण असतं तर तिला दिलं नसतं."

मी खोडरबर शोधू लागले, तर तक्ता शाईनं भरलेला. तो तसाच गेला. अहवालात मोलगीच्या लोकांनी आमच्या पाण्यावर अविश्वास दाखवला असं कायमचं लिहिलं गेलं आहे.

भाषणही इथं फसलं. शहरातलं सांडपाणी म्हणजे काय हे दिवलीताई त्यांच्या भाषेत सांगत होत्या. गटार या शब्दापाशी त्या अडल्या आणि बराच वेळ हातवारे करत राहिल्या. लोक हसायला लागले. पाण्यात घाण करायची आणि मग ती काढायला कारखाना बांधायचा, याची त्यांना फार मजा वाटली. एका म्हाताऱ्याला हसू आलं नाही. त्यानं काहीतरी विचारलं आणि दिवलीताई भाषांतर करताना माझ्याकडं न बघता बोलल्या.

"ते म्हणतात, संडासाचं पाणी एवढं साफ करता येतं, तर आमच्या झिऱ्याचं का नाही करत?"

झिऱ्याचं पाणी साफ करणं किती सोपं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. शंभर पटीनं सोपं. मी म्हटलं, "तो विभाग वेगळा आहे." त्यांनी ते भाषांतर केलं. म्हातारा मान हलवून बाजारात निघून गेला.

पाडा

शेवटचा कार्यक्रम दिवलीताईंच्याच पाड्यावर होता. तो यादीत आधीपासून होता, योगायोग म्हणा. गाडी जाईल तिथवर गेली. उरलेली आठ खोकी पाड्यावरच्या माणसांनी डोक्यावर घेऊन वर आणली, कुणी न सांगता.

सकाळी मी दिवलीताईंबरोबर झिऱ्यावर गेले. जायला नको होतं, पण गेले. गुडघाभर खड्डा, तळाशी चहाच्या रंगाचं पाणी. एक बाई वाटीनं ते हंड्यात भरत होती. चार वाट्या झाल्या की थांबायची, पाणी पुन्हा पाझरायची वाट बघायची. मागे सात हंडे रांगेत. कुणी भांडत नव्हतं. मी सवयीनं नमुना घेतला. पुढं प्रयोगशाळेत तो तपासला आणि जे निघालं ते संबंधित विभागाला पत्रानं कळवलं. उत्तर आलेलं नाही.

अंगणवाडीसमोर मोठ्या माणसांना बाटल्या वाटल्या. एकाला एक. आयांनी विचारलं, घरी नेऊ? मी नाही म्हटलं. मग एका पोरसवदा आईनं घोट घेतला, तोंडात धरला, मांडीवरच्या लेकराचं तोंड आपल्या तोंडाला लावलं आणि पाणी त्याला पाजलं. मग दुसरा घोट. शेजारचीनंही तसंच केलं. मी बघत राहिले. कुठं फट ठेवली नाहीत म्हणाले होते साहेब. मला त्या क्षणी रडू फुटलं, ते मी घाम पुसल्यासारखं पुसलं.

सगळ्यांना देऊन पाच खोकी उरली. मुदतीचा दिवस होता. चित्रण संध्याकाळपर्यंत कार्यालयाच्या ॲपवर चढवायचं होतं, त्यात जागा आणि वेळ आपोआप येते. पळवाट शोधली नाही असं नाही. सांगायचं की वाटून संपल्या. पण रिकाम्या बाटल्या मोजून परत द्यायच्या असतात, तोही नियम माझाच. आणि खरं बोलायचं तर, मी घाबरले. त्या वऱ्हाड्यांचं प्रकरण मला आठवलं, चौकशी आठवली, खुर्चीत बसवून विचारलेले प्रश्न आठवले. इथलं एखादं लेकरू दगावलं तर दोष त्या झिऱ्याला कुणी देणार नाही. मला देतील. एवढाच विचार होता. बाकी तत्त्व वगैरे काही नव्हतं.

ओतायची जागा पाण्यापासून लांब हवी, म्हणून खोकी पुन्हा उचलून पाड्याच्या वरच्या अंगाला, खडकाळ टेकाडावर न्यावी लागली. ती नेलीही त्याच माणसांनी. सुकदेवभाऊंच्या हातात मी दाभण दिलं, बाटल्यांना भोकं पाडायला. त्यांनी ते धरलं आणि परत दिलं.

"मन्हाघाई हाई काम व्हनार नही, ताई."

मग त्यांना फोन धरायला सांगितला आणि मीच सुरुवात केली. झाकण फोडायचं, उलटी करायची, भोक पाडायचं, पोत्यात टाकायची. खडक इतका तापलेला होता की पाणी वाहायच्या आत सुकत होतं. बायका हंडे घेऊन आल्या होत्या आणि जरा अंतरावर थांबल्या होत्या. दिवलीताई म्हणाल्या, "भांडी घासायला तरी?" मी मान हलवली. हंड्यात गेलेलं पाणी कोण काय करेल याची शाश्वती कोण देणार? बायका थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग झिऱ्याच्या वाटेला लागल्या. रांगेतला नंबर जाऊ नये म्हणून असेल. बाटल्या संपेपर्यंत माझ्या अंगठ्याची सालं निघाली होती. मधे एकदा एक बाटली कपाळावर ओतून घ्यावी की काय असं मला वाटलं, इतकं ऊन होतं, आणि त्या विचाराचीच मला शरम वाटली.

पंचनाम्याचा कागद गुडघ्यावर ठेवून भरला. 'सदर नमुना पाणी पिण्याच्या स्रोतापासून सुरक्षित अंतरावर नष्ट करण्यात आले.' एका साक्षीदाराचा अंगठा घेतला. दुसऱ्या साक्षीदार दिवलीताई. त्या सही करणाऱ्या बाई, म्हणून आधी सगळं वाचलं. एकेक ओळ, बोट ठेवून. वाचताना ओठ हलत होते. मग मागच्या पानावर जोडलेली नियमावलीही वाचली, सगळी कलमं. तिच्याखाली कुणाचं नाव नसतं. मी शेजारी उभी होते. त्या ओरडतील, कागद फाडतील असं मला वाटत होतं, आणि त्यांनी तसं केलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

त्यांनी वळणदार अक्षरात सही केली. पेनाचं टोपण लावून पेन मला परत दिलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "हे ज्यांनी लिहिलंय ना, त्यांना एकदा इकडं घेऊन या. वाईट माणूस नसेल. त्यांनी बघितलं नसेल फक्त."

"आणीन," मी म्हटलं, आणि कागद पिशवीत घालून टेकाड उतरायला लागले.